पाडकामाची नोटीस लागण्याआधी: युद्धोत्तर इमारत वाचवायची तर काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा: इंग्लंडमधल्या एका शहरात, बॉम्बहल्ल्यात जुनी पेठ जळाल्यावर 1950च्या दशकात उभारलेली दुकानांची एक ओळ पाडण्याचे घाटते आहे. इमारत ‘लिस्टेड’ नाही, म्हणजे सरकारच्या संरक्षित इमारतींच्या यादीत नाही. शेजारच्या सहा-सात जणांना ती वाचवायची आहे, पण त्यांच्यात ना कोणी वकील, ना आर्किटेक्ट. सह्यांची मोहीम पुरेल का? नसेल तर सुरुवात कुठून करावी?

सह्यांनी काम भागणार नाही. नगरसेवकांचे लक्ष वेधायला सह्या बऱ्या, पण ज्याच्या टेबलावर अहवाल लिहिला जातो त्या अधिकाऱ्याला इमारत किती जणांना आवडते हे मोजायचेच नसते. तिचे महत्त्व कोणी, कुठे आणि केव्हा लिहून ठेवले आहे, हे तो पाहतो. विकासकाचा आराखडा येण्याआधी ते कागदावर असेल, तर आराखडा इमारतीला वळसा घालून जातो. नंतर आले तर तोच मजकूर ‘प्रकल्पाला विरोध’ या सदरात जमा होतो.

कोव्हेंट्रीत हा फरक एकाच नकाशावर दिसतो. 14 नोव्हेंबर 1940च्या रात्री शहराचा मध्य जळाला. नंतर शहराचे वास्तुविशारद डोनाल्ड गिब्सन यांच्या विभागाने पायी चालणाऱ्यांसाठी पेठ आखली आणि तिची सरळ रेघ जुन्या कथीड्रलच्या शाबूत राहिलेल्या मनोऱ्यावर धरली. याच पुनर्बांधणीतले 1958चे गोल मार्केट, ज्याच्या छपरावर गाड्या उभ्या राहतात, 2009मध्ये यादीत ‘ग्रेड टू’ श्रेणीत नोंदले गेले. जवळचे बुल यार्ड, शेल्टन स्क्वेअर, सिटी आर्केड नोंदीबाहेर राहिले. पुढे सिटी सेंटर साउथ हा मोठा प्रकल्प आला, तेव्हा मार्केट राखूनच आराखडा करावा लागला आणि बाकीचे पाडकामाच्या यादीत गेले. त्याच भागातल्या थ्री टन्स पबच्या भिंतीवर विल्यम मिचेल यांचे काँक्रीटचे भित्तिशिल्प होते. तेही नोंदलेले असल्याने त्याची वेगळी सोय करणे भाग पडले. मोहिमा दोन्हीकडे झाल्या, पण कामी आली ती आधीची नोंद.

म्हणून पहिल्या संध्याकाळी तीन गोष्टी तपासा. एक, इंग्लंडच्या राष्ट्रीय वारसा यादीत नकाशावर इमारत शोधा. शेजारची एखादी इमारत किंवा भिंतीवरचे शिल्प स्वतंत्रपणे नोंदलेले असू शकते. दोन, इमारतीला ‘इम्युनिटी सर्टिफिकेट’, म्हणजे नोंदणीपासून सूट देणारा दाखला, दिले आहे का किंवा त्यासाठी अर्ज आहे का, ते पाहा. हे मिळाले की पाच वर्षे ती इमारत यादीत घालता येत नाही, तातडीची संरक्षण नोटीसही काढता येत नाही. मालक मंडळी बहुधा मोठ्या प्रकल्पाआधी ते घेऊन ठेवतात. अर्ज चालू असेल तर तोच तुमचा खरा मोका आहे, कारण त्या वेळी हिस्टॉरिक इंग्लंडला, म्हणजे वारशाबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या संस्थेला, इमारतीची पूर्ण छाननी करावीच लागते, आणि निकाल नोंदणीच्या बाजूनेही लागू शकतो. तीन, कौन्सिलच्या (स्थानिक नगरपालिकेच्या) नियोजन नोंदवहीत त्या पत्त्यावरचे सगळे अर्ज काढा, मागे घेतलेलेसुद्धा.

पण नियोजन अर्ज हा शेवटचा टप्पा असतो, आणि इथेच बहुतेक गट गाफील राहतात. बॉम्बने उद्ध्वस्त झालेला भाग सक्तीने विकत घेण्याचा अधिकार 1944च्या नगररचना कायद्याने स्थानिक संस्थांना दिला. त्यामुळे अशा शहरांत मध्यवर्ती जमिनीची मूळ मालकी आजही बऱ्याच ठिकाणी कौन्सिलकडेच असते आणि दुकाने भाडेपट्ट्यावर असतात. म्हणजे जमीन विकणारा मालमत्ता विभाग आणि परवानगी देणारा नियोजन विभाग एकाच छपराखाली. त्यामुळे पाडकामाचा सुगावा नियोजन अर्जाच्या कितीतरी आधी बैठकांच्या कागदपत्रांत लागतो. कार्यकारी मंडळाच्या मोठ्या निर्णयांची सूचना 28 दिवस आधी आणि बैठकीची विषयपत्रिका पाच पूर्ण दिवस आधी जाहीर करावी लागते. एकाने फक्त हेच काम घ्यावे: दर सोमवारी ही कागदपत्रे चाळायची आणि ‘भाडेपट्टा संपुष्टात’, ‘जागा मोकळी करणे’, ‘भविष्यातील पर्याय’ असे शब्द शोधायचे.

पाडकामाच्या बाबतीत एक फसवी तरतूद आहे. इमारत लिस्टेड नसेल आणि संवर्धन क्षेत्रातही नसेल, तर ती पाडायला बहुधा पूर्ण नियोजन परवानगी लागत नाही, पूर्वसूचना पुरते. कौन्सिलच्या हाती 28 दिवस असतात, आणि तेवढ्यात तिने फक्त दोनच गोष्टी पाहायच्या: पाडण्याची पद्धत आणि नंतर जागा कशी ठेवणार. इमारत किती मोलाची आहे हा मुद्दा तिथे कायद्याने गैरलागू आहे. धूळ, आवाज, ट्रकचा रस्ता यांवर हरकत घेता येते, इतिहासावर नाही. पानभर कळकळीची पत्रे लिहून लोक तिथे हरतात आणि कौन्सिलने ऐकले नाही म्हणून चिडतात. ही वाट बंद करायची तर आर्टिकल फोर निर्देश लागतो, म्हणजे कौन्सिलने तो पाडकामाचा मुभा-हक्क काढून घ्यायचा. ती मागणी सूचना येण्यापूर्वीच नगरसेवकामार्फत लेखी करून ठेवा. पब आणि नाट्यगृहे या मुभेतून वगळलेली आहेत. तुमच्या ओळीच्या टोकाला जुना पब असेल तर त्याचा वापर नीट नोंदवा.

आता पुराव्याचे काम. खरा वेळ इथे घालवायचा, आणि वकील-आर्किटेक्टवाचून हे उत्तम होते.

युद्धोत्तर इमारतीवर नेहमीचा आरोप असा की ती घाईत, स्वस्तात आणि कुठल्याही शहरात शोभेल अशी बांधली. त्याचे उत्तर त्या काळच्या टंचाईतच आहे. बांधकामाला 1954च्या अखेरपर्यंत सरकारी परवाना लागत असे, पोलाद वाटून मिळे. म्हणून एकाच ओळीतले दोन भाग चार-पाच वर्षांच्या अंतराने उभे राहतात, एका भागाचा सांगाडा पोलादी तर दुसऱ्याचा काँक्रीटचा असतो, आणि तरीही छपराची रेघ व खिडक्यांची मापे जुळतात. कोणीतरी पहिल्यापासून अख्ख्या ओळीचा विचार केला होता याचा तो पुरावा आहे. हे जोड शोधा, त्यांचे फोटो काढा आणि प्रत्येक भागापुढे वर्ष लिहा.

कागद कुठे मिळतील? शहराच्या अभिलेखागारात बांधकाम परवानगीचे नकाशे, पुनर्बांधणी समितीची इतिवृत्ते, शहर वास्तुविशारदाचे वार्षिक अहवाल असतात. कोव्हेंट्रीत हा साठा हर्बर्ट आर्ट गॅलरीच्या आवारात आहे. ‘आर्किटेक्ट्स जर्नल’ आणि ‘द बिल्डर’चे त्या वर्षांचे अंक पाहा. उद्घाटनाच्या दिवशी काढलेल्या पुस्तिका आणि स्थानिक वर्तमानपत्राच्या विशेष पुरवण्या यांत ठेकेदार, विटांचा कारखाना, दगडाची खाण, शिल्पकार अशी नावे सापडतात. प्रत्येक विधानापुढे कागदाचा क्रमांक लिहा. मुख्य वास्तुविशारदाच्या नावावर थांबू नका. शहराच्या खात्यातल्या इमारतीचे आरेखन बहुधा एखाद्या कनिष्ठ सहायकाचे असते, आणि नकाशाच्या कोपऱ्यातल्या आद्याक्षरांवरून तो सापडला तर अर्जाचे वजन वाढते.

मग इमारतीचीच तपासणी, सार्वजनिक जागेत उभे राहून. दर्शनी भागाच्या प्रत्येक गाळ्याचा समोरून एक फोटो आणि तोच मूळ नकाशाशेजारी. काय मूळ आहे, काय बदलले, काय झाकले गेले, असे तीन रकाने करा. दुकानांच्या पाट्यांखाली मूळ टेराझो किंवा मोझेक बऱ्याचदा तसेच असते; पाटी बदलताना फोटो मिळाला तर सोडू नका. वरचे मजले, जिने, कठडे, दाराच्या मुठी, मागचे मालाचे अंगण यांकडे फारसे कोणी पाहत नाही. गाड्या आणि पादचारी वेगळे ठेवण्याची कल्पना मागच्या अंगणावरूनच सिद्ध होते. रिकाम्या इमारतीत मात्र शिरू नका. एक तर बेकायदा प्रवेश, आणि त्याहून वाईट म्हणजे त्या काळच्या छतांत, पाइपांभोवती, फरशीच्या डांबरी गोंदात ॲस्बेस्टॉस असते. मालकाकडे लेखी परवानगी मागा. नकार आला तर तोही अर्जाला जोडा, म्हणजे आतून पाहणी करायला हिस्टॉरिक इंग्लंडला कारण मिळते.

लिस्टिंगचा अर्ज कोणीही करू शकतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. हिस्टॉरिक इंग्लंड शिफारस करते, निर्णय संस्कृती खात्याच्या मंत्र्याच्या नावे होतो. पत्ता, नकाशा, तारीख घातलेले फोटो, इतिहास आणि धोक्याचा पुरावा लागतो. हा शेवटचा मुद्दा हलका समजू नका. धोका दाखवला नाही तर अर्ज सुरुवातीलाच बाजूला पडू शकतो, तेव्हा नियोजन अर्जाचा क्रमांक किंवा बैठकीचे इतिवृत्त जोडाच. मुंबईच्या वारसा-श्रेण्यांची सवय असलेल्यांनी एक लक्षात घ्यावे: इथे ग्रेड टू ही सर्वांत खालची पायरी आहे, नव्वद टक्क्यांहून अधिक नोंदी तिच्यातच आहेत, आणि परवानगीशिवाय पाडणे हा गुन्हा ठरायला तेवढी पुरेशी आहे. उगाच ग्रेड वनची भाषा केली तर अर्ज भाबडा दिसतो.

वयाची अडचण इथे नाही. साधारण तीस वर्षे झाली की इमारत विचारात घेतात. हा नियम 1987मध्ये आला आणि त्याच वर्षी लंडनचे ब्रॅकन हाउस ही यादीत आलेली पहिली युद्धोत्तर इमारत ठरली. दिल्लीच्या प्रगती मैदानावरचे 1972चे हॉल ऑफ नेशन्स एप्रिल 2017मध्ये पाडले गेले, त्यात वय साठ वर्षांपेक्षा कमी हा मुद्दा आडवा आला होता. ते आठवले की हा नियम किती मोलाचा आहे ते कळते. पण 1945नंतरच्या इमारतींची निवड फार कडक असते, कारण त्या काळात बांधलेले खूप काही उरलेले आहे. म्हणून ‘ही दुर्मिळ आहे’ हा दावा चालत नाही. अमुक प्रकारातली ही सर्वांत आधीची, किंवा सर्वांत कमी बदललेली, किंवा शेजारच्या नोंदलेल्या इमारतीशी एकाच आराखड्याने बांधलेली, असे तुलनेने दाखवावे लागते. इतर शहरांतल्या तीन-चार समान इमारती घ्या आणि प्रत्येकीची आजची अवस्था एका ओळीत लिहा. या तक्त्याने अर्ज तरतो.

वेळ अगदीच कमी असेल तर कौन्सिल तातडीची संरक्षण नोटीस काढू शकते. इमारत सहा महिने लिस्टेड असल्यासारखी धरली जाते. पण शेवटी नोंद झाली नाही तर मालकाच्या नुकसानीची भरपाई कौन्सिलवर येते, म्हणून अधिकारी कचरतात, आणि कौन्सिलच मालक असेल तर विचारूच नका. तरी मागणी लेखी करा. लिस्टिंग नाकारली गेली तर फेरविचारासाठी 28 दिवस मिळतात. त्याला कारणे दोनच: निर्णयात तथ्याची चूक, किंवा आधी न मांडलेला ठोस पुरावा. म्हणूनच पहिला अर्ज अर्धवट टाकू नये, आणि टाकलाच असेल तर अभिलेखागारातले काम थांबवू नये.

हल या इंग्लंडमधल्या बंदराच्या शहराचे उदाहरण या बाबतीत शिकण्यासारखे आहे. बॉम्बहल्ल्यात गेलेल्या को-ऑपच्या (सहकारी संस्थेच्या) दुकानाच्या जागी नवे दुकान झाले, आणि त्याच्या वळणदार दर्शनी भिंतीवर ॲलन बॉयसन यांनी 1963मध्ये ‘थ्री शिप्स’ हे मोझेक केले. एक फूट चौरसाच्या 4,224 लाद्या, प्रत्येकीत 225 इटालियन काचेचे तुकडे, आणि गलबतांच्या डोलकाठ्यांतून शहराचे नाव वाचता येते. पहिल्यांदा लिस्टिंग नाकारली गेली. स्थानिक कार्यकर्त्यांनी आणि विसाव्या शतकातल्या वास्तूंसाठी झटणाऱ्या ट्वेंटिएथ सेंच्युरी सोसायटीने पाठपुरावा सोडला नाही. 2019मध्ये इमारतीतल्या ॲस्बेस्टॉसचे कारण देऊन भिंत पाडायचे ठरत होते, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये ती ग्रेड टू झाली. पण पुढचा धडाही तितकाच महत्त्वाचा. नोंदीनंतरही मागच्या सांगाड्याच्या आणि भिंतीच्या अवस्थेवरून पाडण्याचा प्रश्न पुन्हा उभा राहिला. कागद वाचला म्हणून काँक्रीट आपोआप वाचत नाही.

म्हणून ‘इमारतीचे आयुष्य संपले आहे’ या वाक्याशी कसे भिडायचे ते शिकावे लागते. ते कुठल्या तपासणीवर आधारले आहे, असा पहिला प्रश्न. संरचनात्मक अहवाल पर्यावरणविषयक माहितीच्या नियमांखाली मागा; उत्तराची मुदत साधारण 20 कामाचे दिवस. अहवाल हाती आला की पुढील गोष्टी पाहा. काँक्रीटचे किती नमुने काढले आणि कुठून? ऊन-पाऊस खाणाऱ्या दोन कठड्यांवरून सगळा सांगाडा गेला असे म्हणता येत नाही. कार्बोनेशनची, म्हणजे हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने काँक्रीटचा अल्कधर्म जाण्याची, खोली मोजली आहे का? ताज्या तोडलेल्या काँक्रीटवर फिनॉल्फ्थॅलीन टाकले की शाबूत भाग गुलाबी होतो, अल्कधर्म गमावलेला भाग रंगहीन राहतो. ही खोली आणि सळईवरचे आवरण, दोन्ही मिलिमीटरमध्ये शेजारी ठेवा. आवरण 25 आणि कार्बोनेशन 10 असेल तर सळई अजून सुरक्षित आहे. उलट असेल तर गंज सुरू झाला असणार, आणि तरीही दुरुस्ती शक्य असते: सैल काँक्रीट सळईच्या मागेपर्यंत काढायचे, सळई साफ करायची, जुळणाऱ्या मसाल्याने भरायचे; जास्त पसरले असेल तर कॅथोडिक संरक्षण, म्हणजे सळईला सौम्य वीजप्रवाह देऊन गंज रोखणे. क्लोराइडचे प्रमाण वेगळे विचारा, कारण थंडीत काँक्रीट लवकर धरावे म्हणून त्या काळी कॅल्शियम क्लोराइड मिसळत, आणि तो गंज आवरण जाड असूनही आतून होतो. काळाने ताकद गमावू शकणाऱ्या उच्च ॲल्युमिना सिमेंटच्या तुळया किंवा रॅक नावाच्या हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या छत-फळ्या आढळल्या तर ते दडवू नका. त्या खरोखर धोक्याच्या असतात. पण बहुधा त्या छतापुरत्या असतात, आणि छत बदलणे म्हणजे इमारत पाडणे नव्हे. दगडी आवरणाच्या फळ्या सुटत असतील तर मागचे साध्या पोलादाचे हूक गंजलेले असतात; ते स्टेनलेस स्टीलचे करता येतात.

एखादा निवृत्त संरचना अभियंता अर्धा दिवस देऊन अहवाल वाचायला तयार झाला, तर ती सगळ्यांत मोठी देणगी समजा. पाडण्याचा आणि दुरुस्तीचा खर्च शेजारी ठेवताना व्हॅट हा विक्रीवरचा करही पाहा. जुन्या इमारतीच्या दुरुस्तीवर साधारण 20 टक्के व्हॅट लागतो, नव्या घरबांधणीवर शून्य. सरकारनेच तराजूत असे वजन टाकून ठेवले आहे, ही मोठ्या अन्यायाची गोष्ट आहे, आणि समितीपुढे हे स्पष्ट बोलले पाहिजे.

लिस्टिंग मिळालीच नाही तर दोन दारे उरतात. कौन्सिलच्या स्थानिक यादीत नाव घालून घ्या. त्याने पाडकाम अडत नाही, पण नियोजन अर्ज आला की इमारत ‘अनोंदित वारसा’ म्हणून तोलावी लागते. अख्ख्या पेठेचे संवर्धन क्षेत्र करणे हे अधिक भक्कम. मग 115 घनमीटरपेक्षा मोठी इमारत पाडायला परवानगी लागते. प्लिमथने आपल्या युद्धोत्तर शहरकेंद्राचे असे संवर्धन क्षेत्र 2019मध्ये केले. एकेकटी पाहिली तर मध्यम वाटणारी इमारत रस्त्याच्या रांगेत का हवी, हे क्षेत्राच्या कागदांतच नीट मांडता येते.

नियोजन अर्जावर हरकतीला 21 दिवस असतात. छापील नमुना वीस जणांनी पाठवण्यापेक्षा प्रत्येकाने एकेक मुद्दा घेऊन वेगळे पत्र लिहावे: एकाने वारसा, एकाने संरचना, एकाने भाडेकरू दुकाने, एकाने कार्बन. पाडून नवे बांधण्यातले कार्बन उत्सर्जन हा मुद्दा जरूर मांडा, पण सगळा डाव त्याच्यावर लावू नका. लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरच्या मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानाला 2023मध्ये मंत्र्याने परवानगी नाकारली, 2024मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला आणि त्याच वर्षी पाडकामाला मंजुरी मिळाली. निर्णयाविरुद्ध कोर्टात जायचे तर मुदत सहा आठवडे. तिथे फक्त प्रक्रिया कायदेशीर होती का एवढेच पाहतात. पर्यावरणविषयक दाव्यात हरल्यावर द्यावा लागणारा खर्च एका व्यक्तीसाठी साधारण 5,000 पौंडांवर आणि संस्थेसाठी 10,000 पौंडांवर रोखलेला असतो. तेवढी रक्कम आधी जमवल्याशिवाय कोर्टाची धमकी देऊ नका.

सगळे करूनही परवानगी गेली, तर पाडण्याआधी इमारतीची सविस्तर नोंद करण्याची अट घालून घ्या आणि तिची पातळी अटीतच लिहवून घ्या. हिस्टॉरिक इंग्लंडच्या चार पातळ्यांपैकी पहिली म्हणजे जेमतेम बाहेरून पाहणी, तेव्हा तिसरी तरी मागा. भित्तिचित्रे आणि शिल्पे कोण काढणार, कशी काढणार, कुठे ठेवणार आणि पुन्हा कुठे बसवणार, हे पाडकाम सुरू होण्याआधी मंजूर व्हायला हवे. ‘काढून ठेवू’ एवढ्या आश्वासनावर गेलेली मोझेके गोदामात पेटीतच राहतात. आणि सुनावणीत कोणी म्हणाले की नोंद होणारच आहे, मग पाडायला हरकत काय, तर राष्ट्रीय नियोजन धोरणच पुढे करा. पुरावा नोंदवून ठेवता येतो हे कारण, वारसा नष्ट होऊ द्यावा की नाही हे ठरवताना धरू नये, असे त्यातच लिहिलेले आहे.